अंगठा

डेअरीच्या भिंतीला लागून माझी टपरी,
आत एक लॅपटॉप, एक पंखा,
आणि काडेपेटीएवढं अंगठ्याचं मशीन.
गावाचे पैसे माझ्या हातातून जातात,
म्हणून गावाला वाटतं ते माझेच.
खरं सांगतो, मलाही थोडं वाटायचं.

सुपडाबाई पहिल्यांदा आली
तेव्हा तिचा अंगठा लागेना.
कापूस वेचून, राखेनं भांडी घासून
रेघाच उरल्या नव्हत्या.
मशीन लाल. पुन्हा लाल.
मी म्हणतो, दाब बाई, दाब,
ती इतकी दाबते की नख पांढरं होतं.
सहाव्यांदा हिरवा दिवा लागला, ती दचकली.
हजार रुपये.

"कसाले देतस भो?"
असेच, म्हटलं.
"असेच म्हंजे?"
आता काय सांगू. एका संस्थेनं
बोरीकाठची चाळीस घरं निवडली होती,
दोन वर्षं, दर पाच तारखेला.
ना बैठक, ना शपथ,
ना झाड लावतानाचा फोटो.
नोटा घेऊन ती उभीच राहिली,
कुठेतरी सही राहिली असेल म्हणून.

तीन महिने तिनं मोडलेच नाहीत,
ज्वारीच्या कणगीत ठेवले.
परत मागायला आले तर?
नंतर खर्चू लागली, आणि मी विचारू लागलो.
काय केलं बाई पैशाचं?
माझा काय संबंध? पण विचारायचो,
आणि ती हिशेब द्यायची,
तेल इतक्याचं, पोराच्या चपला इतक्याच्या,
उरलेले अठरा रुपये गाठीतून सोडून दाखवायची.
एकदा म्हणाली, ताप होता,
निंदायला गेली नाही, घरीच निजली.
दुपारी घरात ऊन कुठून कुठे सरकतं
ते म्हणे तिनं पहिल्यांदा पाहिलं.
हे कोणत्या खात्यात धरायचं
तिलाही कळेना, मलाही.

पारावर ठरलं होतं, धुडकू आता पीतच बसणार.
प्यायला. दोनदा. तेही सांगून टाकतो.

धुडकू अठरा वर्षं एकाच मळ्यात सालदार.
आखाजीला साल ठरतं.
आगाऊ नोटा हातात पडल्या
की माणूस पुढच्या आखाजीपर्यंत
गोठ्याच्या खुंट्याला.
या आखाजीला तो गेलाच नाही.
लेक माहेरी आली होती,
तिच्यासाठी निंबाला झोका बांधत बसला,
दोर सोडला, बांधला, परत सोडला.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी मालकाची मोटारसायकल
त्याच्या दाराशी.
काय रे, तब्येत बरी ना?
बसा, म्हणाला धुडकू, आणि खाट टाकली.
भांडण नाही, भाषण नाही.
सुपडाबाईनं दुधाचा चहा ठेवला
आणि चुलीपासूनच आकडा सांगितला,
वर अमावस्येची सुट्टी.
मालकानं चहा बशीत ओतला,
फुंकर घातली.
बराच वेळ फुंकर घालत राहिला.

आकडा पुरा नाही मिळाला.
सुट्टी मिळाली.

परवाच्या पाच तारखेला अंगठा
पहिल्याच फटक्यात लागला.
मशीन मी सकाळीच पुसलं होतं,
त्यानंही लागला असेल.
आता सहाच हप्ते उरलेत, म्हटलं, माहीत आहे ना?
मान हलवली. माहीत होतं.
सगळे नको, दोनशेच दे, म्हणाली.
इस्त्रीचं लुगडं, केसांना तेल,
मागे रोजच्या बायकांपैकी कोणी नाही.
माझ्या तोंडात सवयीनं आलंच,
कशाला गं?

तिनं माझ्याकडे पाहिलं.
"असेच."

मी नोटा मोजल्या, उगाच दोनदा.
बाहेर पारोळ्याच्या गाडीनं हॉर्न दिला
आणि ती, घाई न करता,
रस्ता ओलांडून गेली.